हात सोडला की डावीकडे

घरी बसून कॉम्प्युटरच्या सिम्युलेटरवर विमान उडवणारा कुणीही घ्या, त्याची पहिली तक्रार ठरलेली असते. लँडिंग जमत नाही ही तक्रार नंतरची. आधी येते ती ही, की हात सोडला की विमान एका बाजूला जातंय. थ्रॉटल, म्हणजे इंजिनाची ताकद वाढवायचा दांडा, पुढे ढकलला, विमान रनवेवर पळायला लागलं, आणि मधली पांढरी रेघ उजवीकडे राहिली नि आपण डावीकडच्या गवतात. नाहीतर वर गेल्यावर सगळं छान चाललेलं असतं, खाली शेतं दिसतायत, चहाचा कप उचलावा म्हणून स्टिक सोडली की डावा पंख हळूच खाली. मग माणूस म्हणतो जॉयस्टिक गेली किंवा गेमच भंगार आहे, आणि सेटिंगमध्ये शिरून समोर दिसेल ते ऑन करत सुटतो.

मला विचाराल तर यातलं निम्मं वाहणं बिघाडाचं नसतंच. एक इंजिनाचं विमान आपणहून सरळ जाईल असं कुणी कबूल केलेलंच नाही, खरं विमानही जात नाही. त्यामुळे दुरुस्तीला हात घालायच्या आधी हे शोधायचं की हे वाहणं आपल्या टेबलावरच्या वस्तूचं आहे का विमानाचं स्वतःचं आहे, कारण पहिलं घालवायचं असतं आणि दुसरं शिकायचं असतं, आणि लोक नेमकं उलट करतात, म्हंजे स्टिक तशीच खराब ठेवतात आणि विमानाचा स्वभाव मारून टाकतात.

आमच्या घरात हे शोधायची शिस्त आली ती सासऱ्यांकडून. अप्पा आयुष्यभर अशोक चौकाच्या बाजूला यंत्रमागाच्या शेडमध्ये जॉबर होते. सोलापूरबाहेरच्यांसाठी सांगते, जॉबर म्हणजे मागाचा मेकॅनिक, माग अडला की ज्याच्या नावानं हाका मारतात तो. कॉम्प्युटरशी त्यांचा संबंध नातवाला "बस झालं आता" म्हणण्यापुरताच. पण एका रविवारी ते मागे खुर्ची टाकून बसले आणि मी टेकऑफला गवतात गेले तेव्हा म्हणाले, "कधी ओढतंय ते सांग की. सुरू करताना, का चालू झाल्यावर?" मी म्हटलं, "अप्पा, सगळीकडंच." तर म्हणाले, "सगळीकडं कायबी नसतंय. माग कापड तिरकं काढायला लागला तर आम्ही आधी पट्टा उतरवायचो, हातानं फिरवून बघायचो. हातानं नीट फिरला तर मोटारकडं बघायचं, नाही फिरला तर मागाकडं. आणि दोन नट एकदम फिरवायचं नाही, मग कशानं सुधारलं तेच कळत नाही."

आता विमानाचा पट्टा उतरवायचा म्हणजे काय, तर बाहेरचा कॅमेरा लावायचा. रनवेवर उभं राहा, वारा बंद करा, स्टिकवरून हात काढा, बाहेरच्या व्ह्यूमध्ये जा आणि पंखाच्या मागच्या कडेला टोकाकडची जी हलती फळी असते, एलरॉन, ती बघा, मग शेपटीवरचा रडर, म्हणजे नाक डावी-उजवीकडे वळवणारी उभी फळी, तो बघा. हात काढल्यावर हे सगळं सरळ रेषेत बसायला पाहिजे. एक एलरॉन किंचित वर आणि दुसरी किंचित खाली दिसली, किंवा रडर थोडा वळलेला दिसला, तर कुणीतरी विमानाला वळ म्हणून सांगतंय आणि ते कुणीतरी तुमच्या टेबलावर आहे. सगळं सरळ असूनही विमान वळतंय तर मग हवा, वजन किंवा इंजिन. एवढं बघायला दोन मिनिटं लागत नाहीत आणि अर्धा गोंधळ इथंच मिटतो, तरी हे कुणी करत नाही, सगळे थेट नवीन जॉयस्टिकची किंमत बघायला लागतात.

टेबलावरचं आधी घेऊ. गेम बंद करा, विंडोजमध्ये रन उघडून जॉय डॉट सीपीएल टाइप करा, कंट्रोलर निवडा, प्रॉपर्टीजमध्ये जा. एका चौकोनात एक छोटं अधिकचं चिन्ह दिसतं. हात न लावता ते मधोमध असायला हवं. आता स्टिक एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अगदी सावकाश न्या आणि चिन्हाकडे बघत राहा. ते सलग सरकलं पण शेवटी मधल्यापासून थोडं बाजूलाच थांबलं तर कॅलिब्रेशन बिघडलंय किंवा आतली स्प्रिंग सैल झालीय. मध्येच टुणकन उडी मारली, थरथरलं, तर ती वेगळी गोष्ट.

ती वेगळी गोष्ट म्हणजे पोटेन्शिओमीटर. स्वस्तातल्या बहुतेक स्टिकमध्ये हा असतो, जुन्या रेडिओच्या आवाजाच्या बटणात असायचा तोच. आत कार्बनची एक पट्टी, तिच्यावर घासत फिरणारी धातूची एक बारीक जीभ, आणि जीभ कुठं आहे त्यावर किती व्होल्टेज येतं ते मोजून कॉम्प्युटरला स्टिक कुठं आहे ते कळतं. दहा बिटचं मोजमाप असेल तर एका टोकाला ०, दुसऱ्या टोकाला १०२३, मध्य ५१२ च्या आसपास. आता गंमत अशी की आपण विमान उडवताना स्टिक जास्तीत जास्त वेळ कुठं असते, तर मध्याजवळच. म्हणजे पट्टी झिजते तीही नेमकी मध्याजवळच, आणि जिथं सगळ्यात जास्त अचूकपणा पाहिजे तिथंच आकडा हेलकावे खातो. त्यात आपलं सोलापूर, मे महिन्यात पारा ४३ ला टेकलेला, खिडकी उघडली तर धूळ आणि बंद ठेवली तर आपण शिजणार, त्यामुळे ती धूळ कुठं कुठं जाऊन बसते हे सांगायला नको. कॉन्टॅक्ट क्लीनर नावाचा स्प्रे इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळतो, तो मारून स्टिक भरपूर वेळा फिरवली की बऱ्याचदा फरक पडतो. घरातलं गंजाचं तेल मारू नका, ते आत राहतं आणि अजून धूळ धरतं. पट्टीच झिजली असेल तर मात्र पोटेन्शिओमीटर बदलणं हाच उपाय.

हॉल सेन्सरवाल्या स्टिकमध्ये ही घासाघीस नसते, तिथं लोहचुंबक फिरतो आणि सेन्सर लांबूनच त्याचं क्षेत्र मोजतो, त्यामुळे त्या वर्षानुवर्षं टिकतात. पण हॉल सेन्सर आहे म्हणून वाहणारच नाही असं जे लोक छातीठोक सांगतात ते काही बरोबर नाही, स्प्रिंग सैल झाली तर स्टिक स्वतःच मधोमध परत येत नाही आणि सेन्सर बिचारा जे आहे तेच प्रामाणिकपणे कळवतो. पिळून रडर चालवायची जी स्टिक असते, तिच्या पिळाची स्प्रिंग सगळ्यात आधी जाते असा माझा अनुभव. आणि काही स्टिक अशा असतात की यूएसबी लावताना त्या जिथं असतील तोच मध्य समजतात, तर लावताना हात बाजूला ठेवा.

आता डेडझोन. सेटिंगमध्ये हा पर्याय असतो, म्हणजे मध्याच्या आजूबाजूची थोडी हालचाल गेमनं बघायचीच नाही. थोडा डेडझोन सगळ्यांनाच लागतो, तीन-पाच टक्के, त्यावर माझं काही म्हणणं नाही. पण लोक पंचवीस-तीस टक्के करून ठेवतात आणि म्हणतात झालं, सुधारलं. अहो सुधारलं कुठं, तुम्ही ऐकणं बंद केलं. लँडिंगच्या शेवटच्या काही सेकंदांत, जमिनीवर टेकायच्या आधी नाक उचलताना, जी बारीक बारीक हालचाल लागते ती सगळी त्याच मधल्या भागात असते. तिथं विमान काही ऐकतच नाही, मग तुम्ही अजून ओढता, मग ते एकदम ऐकतं, मग वर उडतं आणि आदळतं, आणि तुम्ही म्हणता लँडिंग जमत नाही. सेन्सिटिव्हिटीची वक्ररेषा ही वेगळी गोष्ट आहे, ती मध्याजवळची हालचाल मऊ करते, मारत नाही. वाहण्यावर तिचा उपाय नाही पण हात शांत राहायला तिची मदत होते.

टेबलावरचा अजून एक गुन्हेगार राहिला आणि आमच्याकडे तोच निघाला. अप्पांच्या सांगण्यावरून बाहेरचा कॅमेरा लावला तर रडर डावीकडे थोडा वळलेला, आणि जॉय डॉट सीपीएलमध्ये माझी स्टिक मात्र अगदी मधोमध. डोकं चालेना. मग अप्पांनी विचारलं, "अजून कशाकशाला वायर हाय?" तर सीपीयूच्या मागे लेकाचा गेमपॅड लावलेला, क्रिकेटचा गेम खेळायला, जमिनीवर उपडा पडलेला, त्याची डावी अंगठ्याची काडी फरशीवर टेकून वळलेली. आजकालचे सिम्युलेटर जे जे लावलेलं दिसेल त्याला आपणहून काहीतरी काम देऊन टाकतात, तर एकाच रडरवर माझी स्टिक पण आणि त्याचा गेमपॅड पण. म्हणून कंट्रोल्सच्या पानावर प्रत्येक उपकरण वेगवेगळं उघडून बघायचं, एलरॉन, एलिव्हेटर (नाक वर-खाली करणारी शेपटीवरची आडवी फळी), रडर आणि थ्रॉटल हे प्रत्येकी एकाच ठिकाणी जोडलेले आहेत ना, बाकीच्या ठिकाणचं पुसून टाकायचं. कीबोर्डवरचा रडर ट्रिम, एलरॉन ट्रिम, म्हणजे ती फळी हात न लावता थोडी वळवून ठेवायची सोय, चुकून दाबला गेलाय का तेही बघायचं.

एवढं झाल्यावर एलरॉन सरळ, रडर सरळ. थ्रॉटल पुढे केला. आणि विमान परत डावीकडे गेलं. कमी, पण गेलंच.

इथून पुढचं सगळं मला जास्त आवडतं, कारण इथं काही बिघडलेलंच नाहीये.

मी सेसना १७२ उडवते, फ्लाइटगिअर फुकट आहे म्हणून तिथून सुरुवात केली तेव्हाही तेच विमान होतं, नंतर मायक्रोसॉफ्टचा २०२० चा सिम्युलेटर घेतला तिथंही तेच. ही १९५० च्या दशकातली रचना, चव्वेचाळीस हजारांहून जास्त बनलीत, जगात याच्याइतकं दुसरं कुठलंच विमान बनलेलं नाही. तिचा पंखा, म्हणजे नाकावरचा प्रोपेलर, पायलटच्या जागेवरून बघितला तर घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरतो. इंजिन पंख्याला उजवीकडे फिरवतं म्हटल्यावर पंखा उलटा विमानाला डावीकडे कलवतो, जमिनीवर असताना त्यामुळे डाव्या चाकावर भार वाढतो. पंख्यानं मागे फेकलेली हवा सरळ मागे जात नाही, विमानाभोवती पिळे घेत जाते आणि शेपटीच्या उभ्या पात्यावर डावीकडून येऊन आदळते, शेपटी उजवीकडे ढकलली जाते म्हणजे नाक डावीकडे. आणि तिसरं, नाक वर करून चढताना पंख्याचं खाली येणारं पातं, ते उजव्या बाजूला असतं, ते हवा जास्त कोनात कापतं, म्हणून उजवीकडून ओढ जास्त आणि नाक परत डावीकडे. तिन्ही कारणं एकाच बाजूची, आणि तिन्ही जोरात असतात तेव्हाच जेव्हा ताकद पूर्ण आणि वेग कमी, म्हणजे टेकऑफला आणि चढताना. म्हणून खऱ्या फ्लाइंग क्लबातले इन्स्ट्रक्टरही "राइट रडर, राइट रडर" ओरडत असतात.

पंखा उलटा फिरणारं इंजिन असलं की हे सगळं उलटं होतं. दुसऱ्या महायुद्धातल्या स्पिटफायरला आधी मर्लिन इंजिन होतं, तेव्हा ती टेकऑफला डावीकडे ओढायची, नंतरच्या मॉडेल्सना ग्रिफॉन बसवलं ज्याचा पंखा उलटा फिरायचा, आणि वर्षभर एका पायाला सवय लावलेल्या पायलटांना दुसरा पाय दाबावा लागला. हे ऐकून अप्पा खूश झाले. म्हणाले, मशीन बदललं की जुना हात नडतोच.

अजून एक, बऱ्याच एक इंजिनाच्या विमानांत उभं पातं किंवा इंजिनच किंचित तिरकं बसवलेलं असतं, म्हणजे मध्यम वेगाने सरळ जाताना हे डावीकडचं ओढणं आपोआप फिटतं. म्हणून क्रूझला हात सोडला तर नाक जवळपास सरळ राहतं, आणि थ्रॉटल मागे घेऊन उतरायला लागलात की उलट नाक उजवीकडे जायला बघतं. चढताना डावीकडे, उतरताना उजवीकडे, हे असं दिसलं तर समजा की तुमची स्टिक ठणठणीत आहे.

मग वारा. सोलापूरचा होटगी रोडचा रनवे १५/३३ आहे, म्हणजे एका बाजूनं तोंड आग्नेयेकडे आणि दुसऱ्या बाजूनं वायव्येकडे. जूनमध्ये पावसाळी वारा येतो नैर्ऋत्य-पश्चिमेकडून, तो नेमका आडवा बसतो. लाइव्ह वेदर, म्हणजे बाहेरचं खरं हवामान, चालू ठेवून ३३ वरून निघालात तर वारा डावीकडून, शेपटीचं उभं पातं वाऱ्यानं उजवीकडे ढकललं जातं आणि नाक वाऱ्याच्या दिशेनं म्हणजे डावीकडे वळतं, त्यात इंजिनाचं डावीकडचं ओढणं, दोन्ही मिळून तुम्ही गवतात. तेच १५ वरून निघालात तर वारा उजवीकडून, तो नाक उजवीकडे वळवतो आणि इंजिन डावीकडे, दोघं एकमेकांना बऱ्यापैकी खोडून काढतात. एकच विमान, एकच स्टिक, एकच वारा, रनवेचं टोक बदललं की स्वभाव बदलला. हे लक्षात न घेता मी एकदा सुधारलं म्हणून खूश होणार आणि दुसऱ्या दिवशी बिघडलं म्हणून रडणार, म्हणून तपासणी करताना वारा शून्य.

वर गेल्यावरचा वारा अजून फसवा, कारण तिथं नाक हलत नाही, सगळं विमानच आडवं सरकतं. शंभर नॉटनी चाललोय आणि दहा नॉटचा वारा बरोबर बाजूनं असला तर साधारण सहा अंश नाक वाऱ्याकडे वळवून ठेवावं लागतं, तरच जमिनीवरची रेघ सरळ राहते. याला ड्रिफ्टच म्हणतात, पण ते दुरुस्त करायचं नसतं, धरून ठेवायचं असतं.

वजनाचं थोडक्यात. डाव्या सीटवर आपण एकटे, उजवी रिकामी, तर पंख डावीकडे हळू हळू झुकणारच. पंखातल्या टाक्यांचंही तसंच, सेसनाचा फ्युएल सिलेक्टर, म्हणजे कुठल्या टाकीतून पेट्रोल घ्यायचं ते ठरवणारी खुंटी, लेफ्टवर राहिला तर उजवी टाकी भरलेली आणि डावी रिकामी होत जाते. पेट्रोल एका अमेरिकन गॅलनला सहा पौंड, म्हणजे दहा गॅलनचा फरक पडला तरी २७ किलो एका पंखात जास्त, आणि या विमानात कॉकपिटमधून फिरवायला फक्त एलिव्हेटरचा ट्रिम असतो, बाजूचा झुकाव घालवायला चाकबिक नाही, हातानंच धरून बसावं लागतं. हे ओळखायची खूण म्हणजे ते सुरुवातीला नसतं, तासाभरानं सुरू होतं. लांबच्या फ्लाइटला सिलेक्टर बोथवर आहे ना ते बघा, आणि वजनाच्या पानावर शेजारी कुणाला तरी बसवा. मी अप्पांना बसवते, सत्तर किलो.

राहिला जायरो, ज्याला लोक वाहणं म्हणतच नाहीत कारण विमान डोळ्याला सरळच जात असतं. जुन्या गोल घड्याळांच्या कॉकपिटमध्ये दिशा दाखवणारं जे यंत्र असतं त्यात जायरो, म्हणजे एक जोरात फिरणारं चाक, असतो आणि तो अवकाशात आपली दिशा धरून बसतो, खाली पृथ्वी मात्र तासाला १५ अंश फिरत असते. ध्रुवावर हा फरक पूर्ण १५ अंश, विषुववृत्तावर शून्य, आणि आपल्या १७.७ अक्षांशावर तासाला साधारण साडेचार अंश, यंत्राचं घर्षण वेगळं. मी कागदावर हिशोब मांडला. सोलापूर ते पुणे सरळ रेषेत २३५ किलोमीटरच्या आसपास, सेसनाला तासाभराहून थोडा जास्त वेळ. जायरो न जुळवता नुसत्या त्याच्या आकड्यावर विश्वास ठेवून गेलं तर तासाभरात सात-आठ किलोमीटर उजवीकडे, म्हणजे पुण्याच्या उत्तरेला सरकतो आपण. वाटेत उजनीचं पाणी उजव्या हाताला ठराविक अंतरावर राहायला पाहिजे, ते जवळ यायला लागलं की काहीतरी चुकतंय. म्हणून दर पंधरा मिनिटांनी होकायंत्र बघून जायरो जुळवायचा, विमान सरळ आणि समतल असतानाच, वळताना होकायंत्र खोटं बोलतं. काचेच्या स्क्रीनवाल्या सेसनामध्ये चुंबकीय सेन्सर हे आपोआप जुळवतो, तिथं ही कटकट नाही, आणि मजाही नाही.

हे सगळं कुणाला कशाला पाहिजे असं घरातही विचारतात. आपल्या गावात वर्षानुवर्षं टर्मिनल होतं आणि विमान नव्हतं, रनवेजवळच्या साखर कारखान्याच्या चिमणीवरून किती भांडणं झाली ते सोलापूरकरांना सांगायला नको, १५ जून २०२३ ला ती पडली आणि ९ जून २०२५ ला गोव्याची फ्लाइट सुरू झाली. तोपर्यंत त्या रनवेवरून रोज उठणारी मी एकटीच होते असं मला उगाच वाटायचं. गोव्याला जातं ते एटीआर, दोन पंख्यांचं विमान, आणि त्याचे दोन्ही पंखे एकाच दिशेला फिरतात, म्हणजे तिथंही ओढ आहेच, फक्त सांभाळणारे दोघं आणि आपण मागे शेंगाचटणीचा डबा मांडीवर घेऊन.

सध्या आमच्याकडे भांडण आहे ते ऑटो रडरवरून. हा पर्याय ऑन केला की गेम स्वतःच रडर दाबतो आणि विमान रेघेवर पळतं. लेक म्हणतो ऑन ठेव, मी म्हणते ऑफ, कारण ऑन असलं की काय बिघडलंय आणि काय नाही ते कळायचा मार्गच बंद होतो, आणि आडव्या वाऱ्यात उतरताना पाय काय करतात ते कधीच शिकणार नाही आपण. अप्पांकडे न्याय मागितला तर ते म्हणाले, "ते पोरगं खेळतंय, तू शिकतीयस. एका मागावर दोन पाळ्या असल्या की सेटिंगची चिठ्ठी लावून जायचं असतंय." म्हणून आता दोन प्रोफाइल केलेत, त्याच्यात ऑटो रडर ऑन आणि डेडझोन मोठा, माझ्यात सगळं ऑफ आणि डेडझोन चार टक्के. अडचण एवढीच की गेम सुरू होताना शेवटचं वापरलेलं प्रोफाइल उचलतो, आणि शाळा सुटल्यावर शेवटचा तोच बसलेला असतो, तर मी बसले की आधी बाहेरचा कॅमेरा, रडर बघायचा, गेमपॅडची वायर काढायची, मग थ्रॉटल.